सासरी दिलेली किडनी

माझ्या पोटात उजव्या बाजूला जी किडनी आहे ती माझी नाही. ती माझ्या थोरल्या बहिणीची, साळूआक्काची आहे. ही गोष्ट मी विसरू नये म्हणून आक्काने आणि निम्म्या जामखेड तालुक्याने जेवढे कष्ट घेतले, तेवढे मला पाढे शिकवायला शाळेत कुणी घेतले नव्हते.

माझ्या स्वतःच्या दोन्ही किडन्या त्र्याण्णव साली निकामी झाल्या. तोवर मी एसटीत कंडक्टर होतो. आक्काची किडनी जुळली, पुण्याला ऑपरेशन झालं, आणि परत आल्यावर हलकं काम म्हणून मला जामखेड स्टँडवरची चौकशीची खिडकी आणि माईक मिळाला. तेव्हापासून कोणती गाडी कुठल्या फलाटाला लागली हे तालुक्याला माझ्या आवाजात कळतं.

सगळा घोळ खरं तर ऑपरेशनच्या आधीच सुरू झाला. पुण्याच्या डॉक्टरीणबाई मोठ्या समजूतदार. आक्का चौथीपर्यंत शिकलेली, खर्ड्याला तिची शेती आणि एक म्हैस. तिला नीट समजावं म्हणून बाईंनी उदाहरण दिलं. म्हणाल्या, मुलगी सासरी दिल्यासारखंच समजा. नवीन घर तिला परकी मानतं, छळ करतं. आम्ही जे औषध देणार आहोत ते त्या सासरच्या माणसांना गप्प बसवतं. औषध चुकलं की ते तिला घराबाहेर काढतील. आपलं उदाहरण छान जमलं असं बाईंना वाटलं असणार. ते इतकं छान जमलं की आक्काने ते पुढची तीन वर्षं सोडलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिने नर्सकडे खण-नारळ मागितला, कारण रिकाम्या ओटीने पोरगी पाठवत नाहीत. नर्सने पुष्कळ समजावल्यावर ती मुठीत पाच तांदळाचे दाणे घेऊन आत गेली. ते दाणे भुलीच्या डॉक्टरांनी दारातच काढून घेतले. त्या डॉक्टरांवर आक्का अजून रागावलेली आहे.

पुढे ती जामखेडला आली की आधी माझ्या शर्टाच्या खालच्या बटणाकडे बघायची आणि विचारायची, "कशी हाय?" पहिल्यांदा मी भाबडेपणाने म्हणालो, बरा आहे. त्यावर ती म्हणाली, "तुला कोन इचारतंय?"

नागपंचमीला किडनीला माहेरी न्यायला ती स्वतः यायची. किडनी एकटी जाऊ शकत नाही म्हणून मलाही चार दिवस रजा काढून खर्ड्याला जावं लागायचं. तिथे पुरणपोळी व्हायची, झोका बांधला जायचा, आणि त्या झोक्यावर मी, चाळीस वर्षांचा मिशीवाला माणूस, बसून दोन झोके घ्यायचो. निघताना आक्का पदर डोळ्याला लावायची. ते माझ्यासाठी नसायचं हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचा मला राग यायचा. माणूस आजारातून उठला, त्याचं कौतुक राहिलं बाजूला आणि सगळा मान त्याच्या पोटातल्या पाहुणीला.

औषधाचं म्हणाल तर एक गोळी होती आणि एक तेलकट औषध होतं. ते तेलकट औषध बाटलीतून मापाच्या नळीने ओढायचं, काचेच्या पेल्यात दुधात कालवायचं आणि लगेच पिऊन टाकायचं, सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला. चव अशी की पहिल्या आठवड्यात मला वाटलं किडनी गेलेली परवडली. पण माणसाला कशाचीही सवय होते. ती चव दिवसभर जिभेवर राहायची, त्यामुळे तीन वर्षांत नुसत्या दुधाची चव कशी असते हे मी साफ विसरून गेलो.

याशिवाय आक्काची किटली होती. आमच्याकडे एसटीने डबे जातात. कुणाचं पोर शिकायला असतं, कुणाचा नवरा कामाला असतो, गावाकडून कंडक्टरच्या हातात डबा द्यायचा आणि तो स्टँडवर उतरवून घ्यायचा. तशी रोज सकाळी खर्ड्याच्या पहिल्या गाडीने स्टीलची किटली यायची. तिच्यात आक्काच्या म्हशीचं, हौसाचं, तापवून गार केलेलं दूध असायचं. ते किडनीसाठी होतं. माझी बायको विजयमाला हिला त्यातल्या चमचाभर दुधाचाही चहा करायची परवानगी नव्हती. दहाच्या सुमाराला मी चौकशीच्या खिडकीत बसून, सगळ्या प्रवाशांच्या देखत, ती किटली रिकामी करायचो. मध्येच कुणी तरी ओळखीचा खिडकीतून डोकावून विचारायचा, औषध घेतलं का. गाडीची वेळ नंतर विचारायचा.

माझ्या शेजारच्या टेबलावर गहिनीनाथ बसायचा. गाड्या किती वाजता आल्या, किती वाजता गेल्या हे तो वहीत लिहायचा. मी माईकवर बोलायला तोंड फिरवलं की तो किटलीतलं थोडं दूध आपल्या चहात ओतून घ्यायचा. मला ते माहीत नाही असं त्याला वाटायचं, आणि मीही त्याला तसं वाटू देत होतो.

शहाण्णवच्या संक्रांतीनंतर माझ्या मानेत, डाव्या कानाच्या खाली, गाठ आली.

विजयमालेने चाचपून सांगितलं, सुपारीएवढी आहे. गहिनीनाथ म्हणाला, सुपारी कसली, चांगलं बोर आहे. मग जो तो खिडकीतून हात घालून माझी मान चाचपू लागला. पाटोद्याची गाडी कधी आहे विचारायला आलेल्या एका म्हाताऱ्याने तर दोन्ही बाजू तपासल्या आणि उजवीकडे काहीच नाही म्हणून नाराजी दाखवली. गावातल्या डॉक्टरांनी दहा दिवस गोळ्या दिल्या. दहा दिवसांनी आक्का आली, तिने हात लावला आणि म्हणाली, लिंबू हाय. आकाराच्या बाबतीत आक्का कधी चुकत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पुण्याच्या गाडीत बसलो.

तिथे गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि आठवड्याने परत बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं. त्या जे बोलल्या ते मी माझ्या परीने सांगतो. एक विषाणू असतो, तो लहानपणीच जवळजवळ सगळ्यांना होऊन जातो. साध्या तापासारखा येतो आणि मग आयुष्यभर अंगात झोपून राहतो. शरीराची राखण करणाऱ्या पेशी त्याच्यावर नजर ठेवतात, म्हणून तो काही करत नाही. पण माझ्या अंगातल्या राखणदारांना औषधाने झोपवून ठेवलं होतं, किडनीला त्रास देऊ नये म्हणून. ते झोपले, आणि हा उठला. त्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बिघडवलं आणि त्या भलत्याच वाढायला लागल्या. त्याला लिम्फोमा म्हणतात. कॅन्सरच, पण फार क्वचित होणारा, आणि माझ्यासारख्या प्रतिकारशक्ती कमी केलेल्या लोकांनाच बहुधा होणारा.

 कॅन्सर हा शब्द ऐकून मी घाबरलो, हे लपवण्यात काही अर्थ नाही. विजयमालेने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होते. नंतर स्टँडवर गहिनीनाथने मात्र पहिला प्रश्न विचारला, तालुक्यात पहिलाच का? बहुतेक पहिलाच, असं मी म्हणाल्यावर त्याला माझ्याबद्दल एकदम आदर वाटू लागला.

बाई म्हणाल्या, यात एक चांगली गोष्ट आहे. अशी गाठ कधी कधी नुसतं औषध कमी केल्यानेही जाते. राखणदार जागे झाले की तेच तिचा बंदोबस्त करतात. म्हणून गोळी पूर्ण बंद, आणि तेलकट औषध निम्मं. महिन्याने बघू. गाठ कमी झाली तर उत्तम. नाही झाली तर जालीम औषधं शिरेतून द्यावी लागतील, आणि ती मला कितपत झेपतील हे बाईंना सांगता येत नव्हतं.

यावर आक्काने एकच विचारलं, "आन मंग तिचं काय?"

तिचं म्हणजे किडनीचं हे बाईंना लगेच कळलं. त्या म्हणाल्या, सासरचे थोडे जागे होतील, थोडा त्रास होईल तिला, पण आपण लक्ष ठेवू. कदाचित सोसेल, कदाचित नाही. पण आत्ता यांचा जीव आधी.

 पुणे ते जामखेड आक्का एक शब्द बोलली नाही. जी बाई गाडीत शेजारच्या अनोळखी माणसाला स्वतःच्या ऑपरेशनचा टाका दाखवते ती पाच तास गप्प बसते, तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवं होतं. आम्हाला वाटलं, बिचारीला दुःख झालंय.

घरी आल्यावर तिने आमचं कपाट उघडलं. तेलकट औषधाच्या दोन भरलेल्या बाटल्या जास्तीच्या होत्या. त्या तिने जास्तीच्या नळीसकट काढून पिशवीत ठेवल्या आणि विजयमालेला सांगितलं, ह्या घरात नकोत, सवयीने पूर्ण माप घेईल हा, मी माझ्याकडे ठेवते. विजयमाला मला म्हणाली, वन्सं किती विचार करतात बघा. मीही मान हलवली.

त्या दिवसापासून मी सकाळ-संध्याकाळ निम्मं माप घेऊ लागलो. विजयमाला नळी उजेडात धरून रेघ बघायची. किटली नेहमीसारखी पहिल्या गाडीने येत राहिली आणि मी नेहमीसारखा डोळे मिटून ती रिकामी करत राहिलो. गहिनीनाथही आपला वाटा घेत होता. त्याच सुमाराला त्याला पडसं झालं. त्याला पडसं झालं की ते तीन दिवसांत जायचं, पण हे हटेना. नाकाला रुमाल लावून तो मला म्हणायचा, आक्कांच्या म्हशीला हल्ली काय खायला घालतात? दूध कसलं कसदार लागतंय, चहावर नुसता तवंग येतो. मी म्हणालो, तुझा चहा आणि आक्काच्या म्हशीचा काय संबंध? मग तो वहीत तोंड घालून गाड्यांच्या वेळा लिहू लागला.

महिन्याने मी आणि विजयमाला पुण्याला गेलो. आक्का आली नाही. ज्वारीची काढणी चालू होती, असं तिने कळवलं. गाठ तोवर लिंबाची मोसंबी व्हायच्या वाटेवर होती. बाईंनी चाचपली आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी रक्त घेतलं, त्या औषधाचं रक्तातलं प्रमाण मोजायला. आम्ही हडपसरला विजयमालेच्या मामाकडे राहिलो आणि दुसऱ्या दिवशी परत गेलो.

बाईंनी रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला. औषधाचं प्रमाण जितकं महिन्यापूर्वी होतं तितकंच होतं, तसूभर कमी नाही. बाई रागावल्या. तीन वर्षांत त्या माझ्यावर कधी रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, किडनी जाईल या भीतीने तुम्ही पूर्ण माप घेताय. मी शपथ घेतली. विजयमालेने रेघेची साक्ष दिली. मग बाईंनी विचारलं, खाण्यात काही नवीन? पपनस खाता का? काही फळांनी हे औषध रक्तात वाढतं म्हणे. मी पपनस शेवटचं कधी खाल्लं ते मला आठवत नव्हतं. आणखी कुणाचं औषध, वैद्याचा काढा, पुड्या? काहीच नाही. शेवटी त्या म्हणाल्या, आणखी दोन आठवडे. तरी कमी झाली नाही तर मी थांबणार नाही, शिरेतून औषधं सुरू करू.

परतीच्या गाडीत मी विजयमालेवर चिडलो. नळीची रेघ तिने चुकीची बघितली असणार, असं मी म्हणालो. ती म्हणाली, आठवी पास आहे मी, रेघ कळते मला, तुम्हीच चोरून पीत असाल. नगर येईपर्यंत आम्ही भांडलो. मग ती रडायला लागली, म्हणून मला गप्प बसावं लागलं. खिडकीबाहेर बघत मी पहिल्यांदाच नीट विचार केला की मी मरू शकतो. रागाने फुगलेला माणूस मरणाचा विचार करतो तेव्हा फार केविलवाणा दिसतो. समोरच्या बाईने मला गोळ्या-बिस्किटं दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीवर बसलो. खर्ड्याची पहिली गाडी आली, किटली आली. मला प्यायची इच्छा नव्हती. मी ती बाजूला ठेवली आणि गाड्या पुकारत राहिलो. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. गहिनीनाथ चुळबुळ करायला लागला, कारण त्याचा चहा येऊन गार झाला होता. शेवटी त्याने लाजलज्जा सोडली, माझ्या देखत किटली उघडली आणि म्हणाला, "जालिंदरराव, तुमी न्हाई घेत तर मी घेतो. पन हे बगा, तूप तरंगतंय वर. आसली म्हस आख्ख्या जिल्ह्यात न्हाई."

मी वाकून किटलीत बघितलं. दूध दोन-तीन तास हललं नव्हतं. वर पिवळसर तेलाचे गोल डोळे तरंगत होते. साय नव्हती, तूप नव्हतं. तो तवंग मी ओळखला. तीन वर्षं रोज दोनदा तो मी काचेच्या पेल्यात बघत आलो होतो.

मी गहिनीनाथच्या हातातून कप घेतला, चहा बाहेर ओतला आणि त्याला माईक दिला. पुढची खर्ड्याची गाडी लागली होती. किटली मांडीवर धरून मी त्या गाडीत बसलो. कंडक्टरने विचारलं, आज उलटी चालली व्हय किटली? 

आक्का खळ्यावर होती. ज्वारीची कणसं पसरलेली, बाजूला हौसा रवंथ करत बांधलेली. मी किटली तिच्या समोर ठेवली.

"आक्के, ह्यात काय हाय?"

"दूद."

"आनखी?"

तिने आधी हौसाकडे बघितलं, जणू ती काही सांगेल. मग कणसांच्या ढिगावर बसली. "औषद हाय," ती म्हणाली. "सकाळचं आर्दं आन संध्याकाळचं आर्दं. मापानं घालते. रेघ चुकवत न्हाई."

मला संताप आला. तिच्यासमोर मी कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. म्हणालो, तू मला मारायला निघालीस. तुला त्या किडनीपुढे भाऊ दिसत नाही. तिकडे माझी बायको माझ्या नावाने रडते, डॉक्टरीणबाई मला खोटारडा ठरवतात, आणि तू इथे खळ्यावर बसून मला दुधातून विष पाजतेस.

आक्का घाबरली नाही, पण तिचा आवाज बारीक झाला. "बाईच म्हनल्या हुत्या, औषद चुकलं की तिला घराभाईर काडत्यात. आन आता त्याच म्हनत्यात आर्दं करा. तिथं तिच्याकडनं बोलनारं कोन हाय? तू बोलनार? मी हितं खर्ड्यात. मला जे करता येतंय ते मी केलं."

मी तिचा हात धरला आणि माझ्या मानेवर ठेवला. तिच्या बोटांनी गाठीचा अंदाज घेतला, एकदा, दोनदा. लिंबू नव्हतं आता, हे तिला माझ्याआधी कळलं.

"हे तुज्या दुदावर वाढलंय," मी म्हणालो. "ज्या औषदानं सासरचे झोपत्यात, त्याच औषदानं घराचे राखनदार बी झोपत्यात. आन चोर घरातच हाय. घरच न्हाई ऱ्हायलं तर तुजी पोरगी नांदनार कुटं?"

तिने हात काढला नाही. हौसाने शेपूट हलवून माशा उडवल्या. मग आक्का म्हणाली, "मंग येऊ दे तिला माघारी. मी काय दार लावून घीन व्हय? पन तू..."  तिने पदर डोळ्याला लावला, आणि या वेळी तिचं लक्ष माझ्या शर्टाच्या खालच्या बटणाकडे नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघून रडत होती. तीन वर्षांत पहिल्यांदा ती माझ्यासाठी रडली. माझ्या मानेत मोसंबी होती, दोन आठवड्यांची मुदत होती, आणि तरी, खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

थोड्या वेळाने तिने आत जाऊन दोन्ही बाटल्या आणून दिल्या. एक संपली होती, दुसरी अर्ध्यावर आली होती. नळी धुऊन फडक्यात गुंडाळलेली होती. मी गाडीसाठी निघालो तेव्हा तिला एकदम आठवलं, "आन तो गहिनीनाथ? तो चोरून पितो ना त्यातलं?" म्हणजे हे खर्ड्यालाही माहीत होतं.

जामखेडला उतरल्याबरोबर मी एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला. सगळं ऐकून डॉक्टरीणबाईंनी आधी दोन्ही बाटल्यांत किती उरलंय ते विचारून घेतलं.  मग त्या म्हणाल्या, "चूक तुमच्या बहिणीची नाही, माझी आहे. ते उदाहरण मीच दिलं होतं." यापुढे कुणालाही सासरचं उदाहरण देणार नाही, असंही त्या म्हणाल्या. दोन आठवड्यांची मुदत त्यांनी सहा आठवड्यांची केली, पण गाठ वाढली तर त्याच दिवशी निघून या, असं बजावलं. मग मी गहिनीनाथचं विचारलं. त्याचेही राखणदार थोडे झोपले असतील, आता त्याचं पडसं चार दिवसांत जाईल, आणि त्याला सांगा की दुसऱ्याचं दूध पिऊ नये, एवढंच त्यांनी सांगितलं. मी त्याला सांगितलं. तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी किटली आली. मी डोळे मिटून एक घोट घेतला आणि थुंकून टाकला. ओरडून कंडक्टरला म्हणालो, दूध नासलंय. त्याने वास घेतला, चाखून बघितलं, आणि माझ्याकडे असं बघितलं की मला कळलं, दूध असंच असतं.

पुढचे सहा आठवडे रोज सकाळी विजयमाला गाठ चाचपायची आणि मी तिच्या तोंडाकडे बघायचो. पहिल्या आठवड्यात काहीच नाही. दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, मऊ लागतेय. मी म्हणालो, तुझी बोटं मऊ झाली असतील. तिसऱ्या आठवड्यात लिंबू झालं, मग बोर. हे बोर आणि सुपारीच्या मधलं आहे यावर खिडकीसमोर दोन प्रवाशांत वाद झाला आणि त्यात त्यांची कर्जतची गाडी चुकली. आक्का दर बुधवारी यायची, नळी स्वतः हातात घ्यायची आणि अर्ध्या रेघेवर इतकी नेमकी थांबायची की सोनाराने शिकून घ्यावं. एक थेंब जास्त गेला तर परत बाटलीत सोडायची. खाली बघून "कशी हाय" असं मात्र तिने एकदाही विचारलं नाही. विचारायचं असायचं तिला, मला दिसायचं. ओठ हलायचे आणि मिटायचे.

एप्रिलच्या शेवटी पुण्याला गेलो. बाईंनी मान चाचपली, आणखी चाचपली, दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून त्यांच्याकडून चाचपून घेतली. काही सापडलं नाही. पोटाचा, छातीचा फोटो काढला, त्यातही काही नाही. मग किडनीचा रिपोर्ट आला. आकडा पहिल्यापेक्षा थोडा वर होता. मी नकळत शर्टाच्या खालच्या बटणावर हात ठेवला. बाई हसल्या. कुणाला सासरचं उदाहरण देणार नाही म्हणाल्या होत्या, पण त्यांना राहवलं नाही. "थोडी कुरकुर आहे," त्या म्हणाल्या, "पण नांदतेय." दर महिन्याला यायला सांगितलं आणि घरी पाठवलं.

जामखेड स्टँडवर उतरलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. माझी ड्युटी नव्हती. दोन नंबरच्या फलाटाला खर्ड्याची गाडी भरत होती. मी आत गेलो, गहिनीनाथच्या हातातून माईक घेतला आणि रोजच्या आवाजात पुकारलं, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. फलाट क्रमांक दोनवर लागलेली जामखेड-खर्डा गाडी थोड्याच वेळात सुटत आहे. या गाडीने जाणाऱ्यांनी खर्ड्याच्या साळूआक्काला निरोप द्यावा. लिंबू गेलं. पोरगी नांदतेय."

स्टँडवर कुणाला काही कळलं नाही आणि सगळ्यांना सगळं कळलं. खर्ड्याच्या गाडीतून आरडाओरडा झाला. माईकचा खासगी वापर केला म्हणून मला दुसऱ्या दिवशी मेमो मिळाला, तो मी घरी फ्रेम करून लावला आहे.

मेमोच्याही आधी, सकाळी, पहिली गाडी आली. कंडक्टरने किटली खिडकीत ठेवली पण तो गेला नाही. डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. म्हणाला, आक्कांनी निरोप दिलाय.

मी म्हणालो, सांग.

तो म्हणाला, "तुमाला न्हाई. तिला."

मी खुर्ची मागे सरकवली आणि पोट खिडकीकडे केलं. तो बिचारा लाजला, इकडेतिकडे बघितलं, मग वाकून माझ्या शर्टाच्या खालच्या बटणाशी हळू आवाजात बोलला, "आक्का म्हनल्या, पोरी, आता तूच माज्या भावाला सांबाळ."